फी माफ झाली म्हणजे नेमकं काय माफ झालं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या आणखी चार घरांना उपयोग होईल. तुमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जात कुणबी, म्हणजे ओबीसी. यजमान मुंबईत खासगी कंपनीत, पगार महिना १८,००० रुपये. गावी थोडी भातशेती आणि काजूची काही कलमं, त्यांतून वर्षाला साधारण ३०,००० रुपये सुटतात. मुलीला सीईटी या प्रवेश परीक्षेवरून, कॅपच्या (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत, नवी मुंबईतल्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. कॉलेजने पत्रात १,३०,००० रुपये फी लिहिली आहे. ‘मुलींना तर फी माफ आहे ना, मग हे पैसे कसले? दोन तोळे सोनं आहे ते मोडू का? आणि धाकटा यंदा अकरावीत आहे, त्याचं काय?’ असं तुम्ही विचारता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी २४ वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. सर्वांत आधी एवढंच सांगतो, सोनं मोडू नका. आधी कागद घ्या आणि त्या १,३०,००० रुपयांची फोड करा. आपल्याकडे ‘फी’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सरकारच्या लेखी फीचे तुकडे असतात, आणि माफी त्यांतल्या काहींनाच लागते.

तुम्ही पाठवलेल्या पत्रातलीच फोड बघा. शिक्षण शुल्क १,०५,०००. विकास शुल्क १०,५००. परीक्षा शुल्क २,५००. अनामत ५,०००. ग्रंथालय, जिमखाना, विद्यापीठ नोंदणी वगैरे मिळून ७,०००. बेरीज बरोबर १,३०,०००. आता ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काय म्हणतो? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला असेल, तर ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. यापूर्वी या मुलींना निम्मं मिळत होतं, उरलेलं निम्मं या निर्णयाने दिलं. म्हणजे तुमच्या पत्रातले १,०५,००० आणि २,५०० गेले. राहिले २२,५००. त्यांतले ५,००० अनामतीचे, ते शेवटी परत मिळतात, पावती जपून ठेवा.

म्हणून कॉलेजात गेल्यावर ‘फी माफ आहे ना?’ असं विचारू नका. ‘मुलगी ओबीसी आहे, कॅपमधून आली आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, तिच्याकडून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सोडून किती भरायचे?’ असं विचारा. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी हे शुल्क घेऊ नये अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिल्या आहेत. तरी काही ठिकाणी ‘आत्ता भरा, सरकारकडून आले की परत देऊ’ असं सांगतात. माझ्या ओळखीच्या एका घराने असं ऐकून दुभती म्हैस विकली. पैसे परत यायला दीड वर्ष लागलं. तोवर दूध गेलं ते गेलंच. तुम्हाला कोणी असं म्हटलं तर प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या, शासन निर्णयाची तारीख लिहा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं हवेत विरतं, कागदाला उत्तर द्यावं लागतं. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर जागा घेतली असेल तर मात्र ही माफी नाही. ‘पैसे थोडे जास्त पडतील पण चांगली ब्रँच मिळेल’ असं सांगणारे भेटतात, त्यांना हे आधी विचारायचं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण सगळ्यांत मोठी गोष्ट, राहणं आणि जेवणं. यजमान मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर सहा-सात जणांत राहतात. तिथे मुलीला ठेवता येणार नाही, हे तुम्हीही जाणता. वसतिगृह आणि मेस धरून महिन्याला ८,००० पकडा. दहा महिन्यांचे ८०,०००. वर २२,५००, पुस्तकं, जाणं-येणं, लॅपटॉपचा हप्ता धरून आणखी १७,५००. पहिल्या वर्षाचा आकडा १,२०,०००. फी माफ होऊनही हा आकडा आहे, ताई. बरीच घरं इथेच गडबडतात. फीचा डोंगर सरला म्हणून सुटकेचा श्वास घेतात आणि दिवाळीनंतर मुलीचा फोन येतो की मेसचे पैसे थकलेत.

या राहण्याच्या खर्चासाठी ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, तसंच हे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण, राहणं, निर्वाह यासाठी रोख मदत खात्यात येते. आधार योजनेत मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये, लहान महापालिकांच्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, तालुक्याला ३८,०००. विद्यार्थी कॉलेजच्या गावचा रहिवासी नसावा, बारावीला ६० टक्के हवेत, आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत. प्रत्येक जिल्ह्याला ठराविक जागा असतात आणि निवड गुणांवर होते. त्यामुळे अर्ज नक्की करा, पण हे पैसे आलेच असं धरून पहिल्या महिन्याचं भाडं ठरवू नका. आले तरी हप्त्यांनी आणि उशिरा येतात. ज्यांची घरं ओबीसीत नाहीत आणि वडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर आहेत, त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तो राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेच्या सोबत घेता येतो.

आता उत्पन्नाच्या दाखल्याकडे या. तुमचं गणित काठावरचं आहे. १८,००० गुणिले १२ म्हणजे २,१६,०००. त्यात काजू-भाताचे ३०,००० मिळवले की २,४६,०००. अडीच लाखांच्या आत बसता, पण जेमतेम. आपल्या कोकणात अर्धं घर मुंबईला आणि अर्धं गावाला. रेशनकार्ड कधी इथलं, कधी तिथलं. तलाठ्याकडे फक्त सातबारा असतो आणि त्यावर चुलत्यांसकट वीस नावं. मग कुणीतरी सल्ला देतं की मुंबईचा पगार दाखवूच नका. तो सल्ला ऐकू नका. पगारातून पीएफ कापला जातो, आधार सगळीकडे जोडलेलं आहे, आणि खोटा दाखला पकडला गेला तर दिलेली सगळी रक्कम वसूल होते. तुम्हाला खोटं दाखवायची गरजही नाही. यजमानांकडून पगाराच्या पावत्या मागवा, सातबाऱ्यावरचा तुमचा हिस्सा किती ते तलाठ्याला स्पष्ट सांगा. सगळं क्षेत्र तुमच्या नावावर धरलं गेलं तर उत्पन्न उगाच फुगतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दाखला देवरुखच्या तहसील कार्यालयातून सेतूमार्फत मिळेल. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिल उजाडला की नवा काढायचा. आंबा-काजूच्या हंगामात कोणाला सवड नसते हे ठाऊक आहे. पण मिरग लागला, निकाल लागला की सेतूसमोर रांग लागते, सर्व्हर बसतो आणि वीज जाते.

आणखी एक गैरसमज. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला, म्हणजे मागासवर्गातल्या प्रगत गटात घर मोडत नाही असा दाखला, हे एक नव्हेत. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्न मर्यादेत मात्र ते सगळं मोजतात. म्हणून नॉन-क्रिमीलेअर आहे याचा अर्थ शिष्यवृत्तीला पात्र आहे असा होत नाही. काही घरं वर्ष फुकट घालवल्यावर हे शिकतात.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. त्याच्या पायऱ्या सायबर कॅफेवाला सांगेल, त्यात मी जात नाही. दोन गोष्टी मात्र तो सांगणार नाही.

पहिली, बँक खातं. सरकारचे पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधारशी शेवटी जे खातं जोडलंय त्यात येतात. आमच्याकडचा एक मुलगा महिनोन्‌महिने विचारत होता की पैसे का येत नाहीत. शोध घेतला तेव्हा कळलं, नवीन सिमकार्ड घेताना दुकानात त्याच्या नावे एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडे गेलं होतं. पैसे सगळे तिथे पडून होते, त्याला पत्ताच नाही. मुलीचं आधार नेमकं कोणत्या बँकेशी जोडलंय ते बँकेत किंवा आधारच्या संकेतस्थळावर आजच तपासा. अनुसूचित जातीच्या मुलांना हे फारच महत्त्वाचं. त्यांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि कॉलेजची रक्कम त्यातून सात दिवसांत भरायची असते. खात्यात पैसे दिसले म्हणून घरखर्चाला वापरले की पुढच्या वर्षी अडचण होते.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटतं. पोर्टल नवीन होतं तेव्हा एका मुलाचा अर्ज त्रुटीसाठी परत आला. उत्पन्नाचा दाखला धूसर स्कॅन झाला होता, बस इतकंच. त्याला संदेश गेला असेल, तो बघेल, असं मी धरून चाललो. मुलगा कॉलेज करून वडिलांसोबत बोटीवर जात होता, फोन घरी. तारीख उलटली. त्या वर्षीचे पैसे त्याला मिळाले नाहीत. एक फोन मी केला असता तर मिळाले असते. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी मी परत आलेल्या अर्जांची यादी काढून फोन करत बसायचो. पण प्रत्येक कॉलेजात कोणी फोन करेलच असं नाही. मुलीला सांगा, दर आठवड्याला लॉगिन करून अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते बघायचं. कॉलेजच्या लिपिकाकडे आहे, प्राचार्यांकडे आहे की विभागाकडे, ते तिथे दिसतं. गणपतीत गावी येईल तेव्हा तर हमखास बघायचं. आणि हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

कागद कुठे ठेवता? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. नंतर एक मुलगी आमच्याकडे आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एकमेकांना चिकटलेलं, चिखलाचा वास येणारं. आम्ही टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, एकेक पान सुटं करून टेबलफॅनखाली ठेवलं. शाई फुटली होती, शिक्के निळे डाग होऊन बसले होते. गुणपत्रिका डिजिलॉकरमधून निघाल्या. वडिलांच्या जुन्या दाखल्यासाठी मात्र शाळेत चार खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक कागदाचा नीट फोटो काढून दोन जणांच्या फोनमध्ये आणि मेलवर ठेवा.

आता कर्ज. तुमचा आकडा १,२०,०००. आधार योजनेचे ६०,००० आले तर उरलेले ६०,००० कुठून तरी उभे करायचे. शिक्षण कर्जाला आपल्याकडे लोक घाबरतात आणि पतपेढीत किंवा हातउसन्यावर जातात. हे उलटं आहे. बँकांच्या आदर्श शिक्षण कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरे. कर्जात फीच नव्हे तर वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉपही धरता येतो. हप्ते शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतात, आणि तोवर व्याज सरळव्याजाने चढतं. हिशोब मांडून दाखवतो. दरवर्षी ६०,००० याप्रमाणे चार वर्षांत २,४०,००० उचलले, दर समजा दहा टक्के. पहिल्या ६०,००० वर पाच वर्षांचं व्याज ३०,०००, दुसऱ्यावर २४,०००, तिसऱ्यावर १८,०००, चौथ्यावर १२,०००. एकूण ८४,०००. म्हणजे नोकरी लागल्यावर मुलीपुढे ३,२४,००० रुपये असतील. हा आकडा तिच्याशी बसून बोला. लपवू नका. मुलांना घरचा हिशोब कळला तर ती जपून वागतात, हा माझा अनुभव आहे. अभ्यास चालू असतानाच महिन्याला पाचशे रुपये व्याजापोटी भरत राहिलात तर हा आकडा बराच खाली येतो.

केंद्र सरकारने ६ नोव्हेंबर २०२४ ला पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांतल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ही सवलत नाही. तुमची मुलगी फी माफी घेते आहे, त्यामुळे व्याज सवलतीच्या भरवशावर हिशोब उभा करू नका. बँकेने कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा, शाखा व्यवस्थापकाशी बसून बोला. तुमच्या सोन्याचा उपयोग एवढाच करा, की शिष्यवृत्तीचा हप्ता यायला दोन-तीन महिने उशीर झाला तर तेवढ्यापुरतं बँकेत तारण ठेवायचं, पैसे आले की सोडवायचं. मोडायचं नाही.

एक गोष्ट थोडी बाजूची, पण तुमच्या वाडीत कुणाला उपयोगी पडेल. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती तांत्रिक पदविका आणि पदवीच्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण ती आणि राज्याची फी माफी एकत्र घेता येत नाही. खासगी कॉलेजात १,०५,००० ची माफी सोडून ५०,००० घेण्यात अर्थ नाही. मुलगी सरकारी तंत्रनिकेतनात असेल, जिथे फी मुळातच कमी, तिथे मात्र प्रगती घेणं फायद्याचं. तसंच बी.ए., बी.एस्सी.ला असलेल्या, बोर्डाच्या निकालात वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि दुसरी शिष्यवृत्ती न घेणाऱ्या मुलांना केंद्राची १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, मर्यादा साडेचार लाख. कोकण बोर्डाचा निकाल वर्षानुवर्षं वरचा असतो, आपली पुष्कळ मुलं यात बसू शकतील. पण अर्जच करत नाहीत.

वाडीच्या मुंबई मंडळालाही विसरू नका. गणपतीत सत्कार होतो, वह्या वाटतात, ते ठीकच. पण यंदा सभेत उभ्या राहा आणि म्हणा, ‘मुलीला शाल-श्रीफळ नको, लॅपटॉपला हातभार लावा.’ लोक देतात. मागायला आपल्याला संकोच वाटतो. तो वाटू द्या आणि तरी मागा.

धाकट्याचं सांगतो. मुलगा असल्यामुळे त्याला खासगी व्यावसायिक कॉलेजात शिक्षण शुल्काच्या निम्मीच सवलत मिळेल. म्हणून त्याच्यासाठी सरकारी कॉलेज हाच पहिला पर्याय ठेवा. मेहनत तिकडे लावा. पुण्यात जागा मिळाली तर विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत. ही संस्था १९५५ पासून खेड्यातल्या गरजू मुलांना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय देते. त्यांच्या प्रवेशाच्या तारखांवर लक्ष ठेवा.

आणि त्याची जात पडताळणी आत्ताच सुरू करा, अकरावीतच. अर्ज कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे जातो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलीची पडताळणी झालेली असेल तर तिचं वैधता प्रमाणपत्र जोडा, काम बरंच सोपं होतं. नसेल तर यजमानांच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला शोधा. नावापुढे आडनाव नसेल, फक्त बापाचं नाव असेल, तरी घाबरू नका. त्या काळी तसंच लिहीत. शाळेत सापडलं नाही तर तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंदवही मागा. कधी ती मोडीत असते, मग वाचणारा शोधावा लागतो आणि त्यात महिना जातो. येत्या सोमवारी देवरुखला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाणारच आहात, तर त्याच फेरीत या नोंदवहीच्या नकलेसाठीचा अर्जही देऊन या.